देवरे डॉक्टरांची बहीण

नामपूर
५ नोव्हेंबर २०२४

दीपक,

आशीर्वाद आहेच, तो वेगळा लिहीत बसत नाही. चौथीनंतर हातात पेन धरला तो गिरणीतल्या डब्यांवर नावं टाकायला. अक्षर लागलं तर वाच, नाही लागलं तर बायकोकडून वाचून घे. हर्षाली शिकलेली आहे, तिला लागेल.

फोन करून दमले. गिरणी चालू असली की तुला माझं ऐकू येत नाही आणि बंद असली की तू मीटिंगमध्ये. "अक्का, नंतर करतो." तुझं नंतर काही उगवलं नाही. म्हणून चिठ्ठी.

परवा भाऊबीज झाली. मला ओवाळायचं नव्हतंच. पोटची पोरगी जाऊन दीड महिना झाला नाही, कसली ओवाळणी. पण दुखवट्याची पहिली दिवाळी म्हटल्यावर सगळे आले. देवळ्याच्या आत्याबाई गुडघे धरत धरत एसटीनं आल्या, मांडीवर फराळाचा डबा. सख्खा मामा तेवढा नाही. सासूबाईंना आता नीट दिसत नाही, त्या खाटेवरून विचारत होत्या, "दीपक उना का वं?" मी सांगितलं, त्याची कमिटी आहे. त्या म्हणाल्या, "तथं कोन गयं?" त्यांना वाटलं कमिटी म्हणजे मयतीचंच काहीतरी.

आता कामाचं लिहिते. निकिताला ताप भरला तेव्हा ती देवळ्याला खोलीवर होती, कॉलेजच्या परीक्षेसाठी. तिच्या खोलीतली वेदिका तिला बाजारतळाजवळच्या लॅबमध्ये घेऊन गेली. डेंग्यू निघाला. पण प्लेटलेट चांगल्या आहेत असं कागदावर आलं. डॉक्टर म्हणाला घरी जा, पाणी प्या. निकिताचे पप्पा तिला घेऊन आले. रात्री तिचं पोट दुखायला लागलं तर ते म्हणाले, रिपोर्ट चांगला आहे, सकाळच्या गाडीनं नाशिकला मामाकडे नेऊ. सकाळी हिरड्यांतून रक्त. तुझ्याकडे आणली, तू तिचं रक्त तुझ्या मशीनला लावलंस आणि बाहेर आलास तेव्हा मी तुझं तोंड बघितलं. तेव्हाच समजले मी. दुसरं कोणी सांगायची गरज पडली नाही.

वेदिका भेटायला आली होती. ती म्हणाली त्या लॅबच्या भिंतीवर तुमच्या संघटनेचं सर्टिफिकेट आहे, काचेत घालून लावलेलं. खाली चार सह्या. एक डॉ. दीपक देवरे.

तू त्या लॅबवाल्या डॉक्टरांच्या संघटनेत किती वर्षं फुकट राबतोस. एक कमिटी जेवणाची, एक पुस्तक छापायची, एक कोणाचं काम चांगलं ते बघायची. लोकांना मी कौतुकानं सांगायचे. आता मला दुसरं काही नको. फराळ नको, तू पण नाही आलास तरी चालेल. ती लॅब बंद कर.

सगुणा


नाशिक
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय अक्का,

तुझं अक्षर लागलं. हर्षालीला दाखवलं नाही.

भाऊबीजेला मीटिंग होती हे खरं, पण ती टाळता आली असती. तुझ्या दारात येऊन उभं राहायची हिंमत झाली नाही. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

तू म्हणतेस बंद कर. संघटना म्हणजे सरकार नव्हे गं. रक्त-लघवी तपासणाऱ्या आम्हा डॉक्टरांचं ते मंडळ, आपापलं काम सांभाळून वेळ देतो. कोणाच्या लॅबला कुलूप लावायचा अधिकार आम्हाला नाही. आम्ही फक्त सर्टिफिकेट काढून घेऊ शकतो आणि जिल्ह्याच्या सरकारी डॉक्टरांना कळवू शकतो. कळवलं तर मात्र ते येतात आणि मशीन सील करतात. असं पूर्वी एकदा झालेलं आहे.

सर्टिफिकेट कसं देतो तेही सांगतो, म्हणजे माझी सही तिथे कशी आली ते तुला समजेल. आमची गुणवत्ता समिती दर तीन महिन्यांनी सगळ्या लॅबना एकेक डबी पाठवते. आत रक्ताची बाटली असते. त्याचा आकडा आम्हाला ठाऊक असतो, त्यांना नसतो. ते तपासून उत्तर पाठवतात. देवळ्याच्या त्या लॅबचं उत्तर आजवर कधी चुकलं नाही. म्हणून सही.

लॅब चालवणारा लखन म्हणेल, रक्त घेतलं तेव्हा प्लेटलेट चांगल्याच होत्या, नंतर उतरल्या. डेंग्यूत त्या झपाट्याने उतरतात हे खरंही आहे. ते रक्त त्याने केव्हाच फेकून दिलं असणार. सगळेच फेकतात.

तू तिथे भांडायला जाऊ नकोस. मी समितीपुढे विषय ठेवतो. आल्हाद सर अध्यक्ष आहेत, माणूस कडक आहे पण ऐकून घेतो.

गोळ्या घेतेस ना? दवाखान्यात चक्कर येऊन पडलीस तेव्हा तुझं रक्त सातवर आलेलं होतं. बाईमाणसाला बाराच्या आसपास लागतं. विसरू नकोस.

दीपक


नामपूर
२१ नोव्हेंबर २०२४

दीपक,

एवढं लांबलचक लिहिलंस, त्यात काम एक नाही. माझ्या गोळ्यांचं राहू दे.

लॅबमध्ये नको म्हणालास म्हणून गेले नाही. पण निकिताला घरी पाठवणाऱ्या त्या डॉक्टरकडे जाऊ नको असं काही लिहिलं नव्हतंस, म्हणून गेले. बाहेर ही गर्दी. नर्सबाई म्हणाली, नंबर लावा मावशी, दुपार होईल. मी म्हणाले, "नाशिकच्या देवरे डॉक्टरांची बहीण आहे मी, सख्खी." लगेच आत घेतलं. पंखा लावला. तुझ्या नावाचा एवढा तरी उपयोग.

डॉक्टर पोरगेलासा आहे. मी कोण ते कळल्यावर त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "मावशी, माझ्या डोळ्यांनी प्लेटलेट मोजता येत नाहीत. कागदावर आलं ते मानलं."

मी म्हणाले, "पोरगी समोर बसली होती. तिच्याकडे बघायचं सोडून कागद कशाला बघितला?"

"रिपोर्ट खराब असता तर मी तासाभरात नाशिकला पाठवली असती. आईशप्पथ."

"मग रिपोर्ट खराब नव्हता का होता?"

तो पाणी प्यायला. मग म्हणाला, "ते तुमच्या भावालाच विचारा. त्यांची सही आहे तिथे."

बघ, फिरून तुझ्याकडेच आलं.

आता मी तुला सरळ विचारते आणि तू सरळ लिही. लखन म्हणतो तसं खरंच उतरल्या असतील का? का तुला काही माहीत आहे आणि तू आपल्या लोकांवर पांघरूण घालतोयस? निकिताचे पप्पा गिरणीत येतात, पट्टा चढवतात आणि तिथेच उभे राहतात. दळण जळून वास सुटला तरी त्यांना कळत नाही. त्यांना एकच लागलंय, रात्रीच गाडी करून निघायला पाहिजे होतं. मी म्हणते तुम्ही कागदावर भरवसा ठेवला, सगळं जग ठेवतं. पण तो कागद खोटा होता हे मला कोणीतरी सांगितलं पाहिजे. मी काय तोंडाच्या वाफा दवडू.

सगुणा


नाशिक
२ डिसेंबर २०२४

प्रिय अक्का,

सरळ लिहितो.

प्लेटलेट उतरतात, पण निकिताच्या होत्या तितक्या खाली यायच्या म्हणजे तपासणीच्या दिवशीही त्या चांगल्या नसणार. मला तसं वाटतं. मला संशय असा आहे की गर्दीच्या दिवशी तिथे नळ्या मशीनला लागतच नाहीत. माणसाकडे बघतात आणि बरा दिसला की बरे आकडे छापतात. निकिता लॅबमध्ये गेली तो बाजाराचा दिवस होता. ती चालत गेली होती, हसत बोलत होती, वेदिकाने तसंच सांगितलं.

मग आमच्या डबीचं उत्तर दर वेळी बरोबर कसं? डबी कुरिअरने जाते, वर संघटनेचा शिक्का असतो. त्या दिवशी मशीन पुसतात, दोनदा लावतात, काचेवर थेंब घेऊन दुर्बिणीखाली बघतात. सगळ्याच लॅबमध्ये असं होतं. माझ्याही. समितीतल्या आम्हा सगळ्यांना हे ठाऊक आहे आणि कोणी ते बोलत नाही.

मी या वेळी बोललो. खूप वाद झाला. आल्हाद सर म्हणाले, जानेवारीत राज्यभरातले लोक परिषदेसाठी नाशिकला येणार, त्यांच्यासमोर आपण आपलीच सर्टिफिकेटं खोटी ठरवायची का. पण शेवटी एकदा करून बघायला तयार झाले. एकदाच. शिक्क्याची डबी नाही, साधा पेशंट पाठवायचा. त्याचं रक्त कमी आहे हे आम्हाला आधी माहीत असलं पाहिजे. लॅबने चांगला आकडा छापला तर तो खोटा, सर्टिफिकेट रद्द, सरकारी डॉक्टरांना पत्र. कमी छापला तर लॅब निर्दोष आणि विषय कायमचा बंद.

तो पेशंट म्हणून मी तुला पाठवतोय. समितीला मी फक्त "नामपूरची एक बाई" असं सांगितलं आहे. निकिता माझी भाची हेही त्यांना माहीत नाही. नात्यातलं प्रकरण असलं की समितीतून उठावं लागतं असा आमचा नियम आहे. मी उठलो तर हा विषय धरून ठेवणारं तिथे कोणी राहणार नाही.

तर आदल्या दिवशी नाशिकला ये, मी तुझं रक्त घेऊन आकडा नोंदवून ठेवतो. दुसऱ्या दिवशी, बाजाराच्या गर्दीत, देवळ्याला जा. आडनाव माहेरचं सांग. देवरे तिकडे घरोघर आहेत. दोन गोष्टी अजिबात बोलायच्या नाहीत. निकिताची आई आहेस हे, आणि समितीने पाठवलं हे. बाकी तू नेहमी दवाखान्यात जातेस तशीच जा.

दीपक


नामपूर
१२ डिसेंबर २०२४

दीपक,

तुझ्याकडून निघाले ती आत्याबाईंकडे उतरले आणि सकाळीच लॅबमध्ये गेले. काय झालं ते सगळं लिहिते, म्हणजे तुझ्या त्या सरांना सांगता येईल.

दाराबाहेर चपलांचा ढीग. बाजाराला आलेली माणसं, पिशव्या, कोथिंबिरीच्या जुड्या, एकीच्या मांडीवर कोंबडी पण होती. खिडकीवर नाव सांगितलं, सगुणा देवरे. लखन म्हणजे तिशीचा गडी, बोलायला गोड. सुई घेऊन तो एकामागून एक टोचत चालला होता, तोंड कोणाचं बघत नव्हता. माझी नस त्याला सापडेना. एकदा टोचलं, दोनदा टोचलं, मग कुठे थोडं रक्त आलं आणि त्याने ती नळी बाकीच्यांत टाकून दिली. म्हणाला, "संध्याकाळी या मावशी."

त्या नळ्या तिथे नुसत्या उभ्या होत्या. मशीनच्या बाजूला कोणी जाईना. माझं डोकं फिरलं. माझी पोरगी अशीच हात पुढे करून बसली असेल आणि तिची नळी अशीच टाकून दिली असेल. मी म्हणाले, "संध्याकाळी कशाला? मशीन समोर आहे, लाव की."

"गर्दी आहे मावशी."

"गर्दी असू दे. नाशिकचे देवरे डॉक्टर माहितीय ना? रक्ताचे? तुमच्या कमिटीतले? त्यांची थोरली बहीण आहे मी. नीट काम कर."

मग बघायचं होतंस. खुर्ची आली. चहा आला. दुसऱ्या हातातून नवीन रक्त घेतलं, एवढं हळू की सुई कळली नाही. मशीन फडक्यानं पुसलं. माझी नळी एकदा लावली, परत एकदा लावली, काचेवर थेंब पसरून दुर्बिणीत डोळा घातला. "मावशी, रक्त फार कमी आहे हो, सरांना लगेच दाखवा," म्हणाला. बाहेर बसलेली माणसं माझ्याकडे बघत होती. मला आपलं बरंच वाटलं.

निकिताचं नाव मी काढलं नाही. समितीचं पण नाही, म्हणजे समितीनं पाठवलं असं नाही बोलले. तू सांगितलेलं सगळं पाळलं.

रिपोर्ट सोबत घातलाय. त्यात सात लिहिलंय आणि तू पण सातच काढलं होतंस. आता मला सांग, याचा अर्थ काय धरायचा? मी त्याला माझ्या डोळ्यांनी तपासताना बघितलं. तो तपासतो, दीपक. मग निकिताचं पण तपासलं असेल. मग त्या खरंच उतरल्या असतील. मग आपण कोणाच्या नावानं ओरडतोय?

वाईट याचं वाटतं की बंद व्हावी म्हणून गेले आणि त्याला आशीर्वाद देऊन आले. पोरगं गरीब वाटलं.

सगुणा


नाशिक
३ जानेवारी २०२५

प्रिय अक्का,

तुझा रिपोर्ट मिळाला. आकडा आमच्या आकड्याशी जुळला. समितीने ठरल्याप्रमाणे विषय बंद केला. कागदावर सगळ्यांच्या सह्या झाल्या, माझीही.

तुझं काही चुकलं नाही. गोळ्या घे. दाजींना नमस्कार सांग.

दीपक


नामपूर
२६ फेब्रुवारी २०२५

दीपक,

तुझी ती चार ओळींची चिठ्ठी आली तेव्हा मला वाटलं परिषदेच्या गडबडीत असशील. ती होऊन पण महिना गेला. चिठ्ठी नाही, फोन नाही.

काल देवळ्याला आत्याबाईंना बघायला गेले होते. बाजारतळावर केवढा तरी बोर्ड लावलाय. लखनचा हात जोडलेला फोटो, आणि खाली लिहिलंय, संघटनेच्या गुप्त तपासणीत अव्वल. मी वाचत उभी राहिले. गुप्त तपासणी म्हणजे मीच ना? मग त्याला कसं कळलं? तुम्ही त्याला सांगितलं? का त्याला आधीच माहीत होतं?

तिथे आत्याबाईंची शेजारीण भेटली. तिच्या सासऱ्याला मधुमेह. तिथला रिपोर्ट चांगला, पाय काळा पडला, मालेगावला नेऊन गुडघ्याखाली काढला. ती म्हणते, काय करणार, त्यांचा रिपोर्ट चांगला होता, सर्टिफिकेटवाली लॅब आहे.

आता घरचं सांगते, ते तुला माहीत असलं पाहिजे. मी डिसेंबरात देवळ्याहून आले आणि निकिताच्या पप्पांना सांगितलं, लॅब खरी आहे, मी बघून आले. मला वाटलं मोकळं होईल त्यांचं मन. ते म्हणाले, "म्हणजे रिपोर्ट बरोबर होता." मी म्हणाले हो. ते म्हणाले, "म्हणजे त्या रात्रीतच उतरल्या. जी रात्र मी थांबलो तीच." तेव्हापासून माणूस गिरणीत येत नाही. जेवायला वाढलं तर ताटाकडे बघतात. मागच्या आठवड्यात विहिरीच्या कठड्यावर बसलेले सापडले. मी हात धरून आणले, आले. आता मी गिरणी बंद करून त्यांच्या मागेमागे हिंडते.

तर आता तू लिही. मला बरं वाटावं म्हणून नको लिहू. तुमचा कागद खरा असेल तर माझा नवरा त्याच्यापायी जाणार आहे, आणि खोटा असेल तर मला या आठवड्यात कळव.

सगुणा


नाशिक
२ मार्च २०२५

अक्का,

आधी दाजींना हे वाचून दाखव, मग पुढचं वाच. दाजी, तुम्ही थांबलात म्हणून निकिता गेली नाही. तिचं रक्त देवळ्याला तपासलंच गेलं नव्हतं. मी डॉक्टर म्हणून हे सांगतोय. मला ते सिद्ध करता येत नाही, पण मला त्याबद्दल शंका नाही. कागद बरोबर असता तर तुम्ही त्याच दुपारी तिला आणलं असतं आणि ती वाचली असती.

आता तुला.

तू लॅबमधून बाहेर पडलीस आणि लखनने आल्हाद सरांना फोन केला. "देवरे सरांच्या ताई आल्या होत्या. दोनदा लावून बघितलं, काचही बघितली. काही कमी-जास्त झालं असेल तर देवरे सरांना सांभाळून घ्यायला सांगा." तो बिचारा खूश होता. सरांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, ती तुझी बहीण का. मी हो म्हणालो. मग मेलेली मुलगी तुझी कोण? भाची. "आणि तू इथे बसून तिच्या प्रकरणावर मत देतोस?"

तुझ्या रक्ताला त्याने शिक्क्याची डबी समजून तपासलं, अक्का. तू माझं नाव घेतलंस त्या क्षणी ती साध्या पेशंटची नळी राहिली नाही. मी म्हणालो, परत करू, दुसरा पेशंट पाठवू. सर म्हणाले, एकदाच ठरलं होतं. नाहीतर मग दीपकने नातं लपवलं, सगळी तक्रार त्यामुळेच झाली, असं लिहून प्रकरण फेटाळतो. दोन्हीकडून लॅब सुटतच होती. एका वाटेने माझं नाव राहत होतं. मी सही केली.

निकाल लखनला मग संघटनेनेच कळवला, त्याचाच त्याने बोर्ड केला. तुला सांगितलं नाही, कारण तू हे उरावर घेऊन बसली असतीस. त्याच्या बदल्यात दाजी घेऊन बसले, हे मला ठाऊक नव्हतं.

तुझा दोष नाही. नेहमी जातेस तशी जा, असं मीच लिहिलं होतं. तू नेहमी कशी जातेस हे मला लहानपणापासून माहीत आहे. कॉलेजच्या प्रवेशाला तू क्लार्कसमोर उभी राहून कोणाकोणाची नावं घेतली होतीस, त्याच्या जोरावर मी आज डॉक्टर आहे. हे मला आधी सुचायला हवं होतं.

परिषद झाल्यावर सगळ्या समित्या सोडल्या. कोणी थांब म्हणालं नाही. सरकारी डॉक्टरांना माझ्या एकट्याच्या नावाने पत्र दिलं. त्यांनी विचारलं, संघटना काय म्हणते? संघटनेच्या कागदावर माझीच सही आहे.

आता माझ्या हातात काही नाही.

दीपक


नामपूर
१९ मार्च २०२५

दीपक,

तुझं पत्र निकिताच्या पप्पांना वाचून दाखवलं. मला मध्ये मध्ये अक्षर लागेना तर त्यांनी हातातून घेतलं आणि स्वतः वाचलं. किती वेळा वाचलं देव जाणे. संध्याकाळी खिचडी मागितली. अजून गिरणीत येत नाहीत, पण विहिरीकडे पण जात नाहीत. एवढं तुझ्या कागदानं झालं. उशिरा झालं.

माझ्या तोंडानं काय केलं ते मला कळलं. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही, मी रडून ते परत येत नाही. तू सही केलीस ते पण कळलं. तुला माफ केलं का नाही ते मला अजून माहीत नाही. राखीला ये, तेव्हा बघू.

पण शेवटी लिहिलंस ना, माझ्या हातात काही नाही, ते खोटं आहे. तुझ्या हातात तुझं नाव आहे. त्या लखनला ना देवाची भीती आहे ना सरकारची, तुझ्या नावाची आहे. तू कमिट्या सोडल्यास हे त्याला अजून कळलेलं नाही, आणि तू सांगायला जाऊ नकोस.

गेले दोन बाजार मी देवळ्याला जाते. लॅबच्या पायऱ्यांपाशी बसते. आत जाणाऱ्या बाईला विचारते, कशाला आलीस, काय होतंय. मग तिला सांगते, खिडकीवर आधी बोलायचं, देवरे डॉक्टर माझे भाऊ. काही लाजतात. एक पेठकडची बाई होती, कामाला आलेली, पोराला ताप. म्हणाली, "खोटं कसं बोलू, माझं कुणी नाय." मी म्हणाले, कुणी नाय म्हणूनच बोल. ती बोलली. लखन उठला, पोराचं रक्त घेतलं, मशीन पुसलं. मी दारातून बघत होते. पोराच्या प्लेटलेट खाली होत्या. त्याच दुपारी त्याला गाडीत घालून नाशिकला पाठवलं. वाचलं का ते मला माहीत नाही. पण गेलं तर कळून तरी गेलं, खोट्या कागदावर हसत नाही गेलं.

काल लखन बाहेर आला. म्हणाला, "मावशी, देवरे सरांना बहिणी किती?"

मी म्हणाले, "आमचा बाप बघितला नाहीस तू. मोजत बसू नको, मशीनला लाव."

तो म्हणाला, "मी सरांना फोन करून विचारेन."

मी म्हणाले विचार.

म्हणून ही चिठ्ठी. तो तुला फोन करणार. बाजाराच्या दिवशी तर दहादा करेल. नाव कोणतंही सांगेल, सकीना सांगेल, झुंबरबाई सांगेल, साठ वर्षांची म्हातारी सांगेल. कोण कुठली ते विचारू नको, आणि आठवल्यासारखं करत थांबू पण नको, त्याला संशय येईल. लगेच म्हणायचं, हो, माझी बहीण आहे, नीट बघ.

सगुणा